भाकरी तेवढीच

…आणि वर मलाच विचारतात, भाऊ, तुम्ही पेपरवाले असून सांगितलं का नाही? सांगितलं नाही? अहो, बावीस वर्षं बातमीदारी केली या जळगावात, लाठीमार पाहिले, पूर पाहिले, पण एक शेअर फोडला की शहाणीसुरती माणसं अशी हरखतात, हे या ब्याण्णव सालातच पाहिलं. तुम्हाला सांगतो, कंपनीनं शंभराच्या शेअरचे दहा-दहाचे दहा केले, बाजारात बाराशेला जाणारा कागद एकशेवीसचा झाला, विषय संपला. दहा तुकडे करा नाहीतर वीस करा, भाकरी तेवढीच.

हीच ओळ मी बातमीत लिहिली होती. संपादक म्हणाले, "जागा नाही, काढतो." आणि छापलं काय? 'एकाचे दहा', हे एवढ्या मोठ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी असोद्याचा तोताराम पेढे घेऊन ऑफिसात. केळीवाला माणूस. विहीर आटत चाललेली, शेअर विकून बोअर मारायचं ठरलेलं, मशीनवाल्याला शब्दसुद्धा दिलेला. मी म्हटलं, विक बाबा, बोअर मार. तर म्हणतो कसा, "भाऊ, आता इकते का कोनी? पिलं फुटली. एकेक पील मायएवढं होईन." केळीला बुंध्याशी पिलं फुटतात ना, तसं. मी म्हटलं, अरे, मळ्यात तू एकच पील राखतोस, बाकीची कापतोस, नाहीतर घड भरत नाही, हे तूच मला शिकवलंस ना? तर शांतपणे म्हणाला, "ते पानी पुरत नाही म्हनून. शेअरले कोठी पानी लागते?"

आता यावर बोला तुम्ही काय ते.

आणि भाव चढला हो, तीच तर पंचाईत. एकशेवीस, दीडशे, एकशेऐंशी… बाराशेला हात न लावणारे मास्तर, कंडक्टर, दीपनगरच्या वीजकेंद्रातले फिटर, जो तो म्हणे स्वस्त झाला. काय स्वस्त झालं? कंपनी तीच, नफा तोच. लोक घेतात म्हणून चढतो, चढतो म्हणून लोक घेतात. घरी आमच्या सुनंदाबाईंनीसुद्धा ताट वाढता वाढता ऐकवलं, "तुमची भाकरी बरीच फुगतेय म्हणे." फुगली तरी भाकरी तेवढीच, पण हे बायकोला कोण सांगणार?

मग बाजार बसला. तोतारामची पिलं कोणी फुकट घेईना, आणि वैशाखात पाण्यावाचून त्याचा मळा उभाच्या उभा वाळला.

परवा असोद्याला गेलो. तोताराम ओट्यावर बसलेला, मान वर करेना. त्याची बायको धुरपदाबाई म्हणाली, "भाऊ, जेवून जा." बसलो. तिनं एक भाकर घेतली, माझ्यासमोर सावकाश मोडली, दहा तुकडे केले, ताट पुढे सरकवलं. "घ्या. तुमच्या पेपरच्या हिशोबानं दहा झाल्या. पोट भरंन."

तिला काय सांगू, खरी ओळ जागेअभावी गेली म्हणून?

खाल्ले एकेक करून. भाकरी तेवढीच होती.