आवाज परत येईपर्यंत

पोलादपूरच्या डोंगरावरची मी चर्चच्या क्वायरमध्ये कशी घुसले, ते सांगते. आठवीत बाबांनी मला मुंबईला आणलं. वर्गातली रीटा म्हणाली, "तुझा आवाज मोठा आहे. आमच्या चर्चला चल, गायला नवीन मुली घेतायत."

चर्च एवढं मोठं, की आमची अख्खी वाडी गुरांसकट आत मावली असती. क्वायरचे सर म्हणाले, "येत असेल ते गा." मी शाळेतल्या प्रार्थनेची पहिली ओळ गायली आणि गप्प उभी राहिले.

"विसरलीस?" सरांनी विचारलं.

"नाय सर. आवाज अजून परत येतोय."

मागच्या मुली फिसकन हसल्या. माझं काय चुकलं, मला कळेना. आमच्याकडे दरीपलीकडच्या म्हशींना एक हाक मारायची आणि समोरच्या डोंगरावरून ती परत येऊन विरेपर्यंत थांबायचं. मध्येच दुसरी मारली तर दोन्ही एकमेकींत मिसळतात, म्हैस मान वर करत नाही. इथे तर डोंगर डोक्यावर होता, आणि माझाच आवाज तिथून माझ्यापेक्षा सुंदर होऊन खाली येत होता.

सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला तीच ओळ पुन्हा गायला लावली. शेवटचा सूर विरेपर्यंत आम्ही सगळे छताकडे बघत राहिलो.

मग ते हळूच म्हणाले, "एवढं थांबायला शिकवताना माझे केस पिकले. तुला कुणी शिकवलं गं?"

"आमच्या म्हशींनी, सर."