डेल्मरचं खोरं

...आणि लेंड्या वाळलेल्या! वाळलेल्या म्हणजे किती, तर बुटानं ठोकरल्या तर खडखड वाजत उतारावरून गेल्या, आणि तरी मी तिथंच बसलेलो, तुम्हाला सांगतो, धनुष्य मांडीवर, कॉफी गार, नाक गळतंय, आणि डोक्यात एकच भुंगा... थांबायचं की निघायचं? अहो, हसताय काय? एल्कच्या मागं लागलेल्या माणसाला दुसरा प्रश्नच नसतो! बाण लागेल का, वारा फिरेल का, हे सगळं नंतरचं. आधी हे ठरवा, की या खोऱ्यात जनावर आहे की नाही. असेल तर गप बसा. नसेल तर तंबू गुंडाळा, गाडीत टाका आणि दुसरीकडं जाऊन मरा! आता सांबराच्या जातीचं, घोड्याएवढं धूड, डोक्यावर झुडपाएवढी शिंगं, लपून लपणार कुठं? पण लपतं हो. लपतं!

बरं, हा प्रश्न मला जन्मात कधी पडला नव्हता. कारण तो सोडवायला डेल्मर होता. डेल्मर म्हणजे आमचा शेजारी, माझा जोडीदार. अख्खं आयुष्य आम्ही सप्टेंबर महिना त्या एका खोऱ्यात काढला. मी निघणारा, तो थांबणारा. मी म्हणायचो, "डेल्मर, इथं काही राहिलेलं नाही, चल पलीकडं विलो क्रीकला." तर हा टोपी मागं सारणार, नाक खाजवणार, आणि सावकाश, जसं काही मला ऐकू कमी येतं, तसं म्हणणार, "अजून एक सकाळ बघू, वर्लिन." अजून एक सकाळ! त्या एका सकाळीपायी माझी उमर गेली! मी कढई आपटायचो, बोलणं टाकायचो, मनात म्हणायचो, एकदा, फक्त एकदा हा गृहस्थ घरी राहू दे, मग बघा मी वाऱ्यासारखे डोंगर कसे बदलतो ते.

राहिला की घरी. म्हणजे... गेला. मार्चमध्ये, दारातला बर्फ उपसता उपसता.

तर या वर्षी मी एकटा. अडवायला कोणी नाही. निघ की मग, बाबा! पाय बांधलेत का कुणी? पण तुम्हाला सांगतो, तंबूची एक खुंटी उपटली आणि पुढं हातच चालेना. वाटलं, मी निघालो तर डेल्मर इथं एकटा पडेल. आता हा काय शहाणपणा! माणूस खाली गावात चर्चच्या मागं व्यवस्थित पुरलाय, मी स्वतः माती टाकलीय, आणि मला वाटतंय तो डोंगरात एकटा पडेल! खरं सांगू? एकटा मी पडलो होतो. सकाळी कॉफीला दोन कप काढायचे, एक परत पिशवीत टाकायचा. रोज. दोन माणसांचा तंबू एकट्याला फार मोठा होतो हो... सामान कुठंही ठेवा, जागा उरतेच.

पाव आणायला खाली उतरलो, तर पेट्रोल पंपावरच्या दुकानातली आर्डिथ, तिला देवानं तोंड दिलं आणि झाकण द्यायचं विसरला, ती गल्ल्यामागून ओरडते, "अगंबाई, वर्लिन! अजून तिथंच? अरे, मेलेल्या खोऱ्यात बसून काय अंडी उबवतोस का? सगळं गाव विलो क्रीकला चाललंय!" आता सगळं गाव चाललंय म्हणजे तिथं काही नाही, हे मला कळतं. आमच्याकडं माणूस पाद्र्यापुढं खरं बोलेल, बायकोपुढंसुद्धा एखाद्या वेळी बोलेल, पण एल्क कुठं दिसला हे विचारलंत की सख्ख्या भावाला उलट्या दिशेला पाठवेल. मी म्हटलं, "मी काय, बसलोय आपला. गुडघे दुखतात." आणि वर आलो. पण डोक्यात भुंगा चालूच... थांबायचं की निघायचं?

दुसऱ्या दिवशी पहाटे, निव्वळ चिडून, मी टाळूला जनावराचा आवाज काढायची रबराची पट्टी लावली, नळी तोंडाला धरली आणि आरवलो. नराचा आवाज हो, आमच्यात त्याला आरवणंच म्हणतात! आधी बिगुलासारखा चढत जायचा, वर जाऊन किंचाळायचा, मग खाली येऊन हुंकार. आपण काढला की खरा नर चिडून उत्तर देतो, कोण रे तो माझ्या हद्दीत, म्हणून. मी काढला. शांतता. आणि मग... डोंगराच्या सोंडेपलीकडून... उत्तर! चढला, किंचाळला, आणि शेवटी आवाज फाटला, करकरत, गंज खाल्लेल्या बिजागरीसारखा. म्हातारा नर! म्हटलं, डेल्मर, लेका, जिंकलास!

मग काय, रोज सकाळी हेच. मी आरवतो, तो आरवतो. मी जरा रागानं, तो जरा जास्त रागानं. पण जवळ यायचं नाव नाही! मला आपलं बरं वाटायला लागलं हो. शिकार राहिली बाजूला, सकाळी उठल्यावर कुणीतरी ओ देतंय, एवढंच पुरे झालं. कॉफीसुद्धा गरम लागायला लागली.

शेवटी म्हटलं, तू येत नाहीस तर मी येतो. वारा तोंडावर घेतला, पोटावर सरपटत सोंड ओलांडली, गुडघे आईला हाका मारतायत, बाण प्रत्यंचेवर, समोर फांदी हलली, मी श्वास धरला, आणि फांदीमागून... टोपी! टोपीखाली पांढऱ्या मिशा! मिशांखाली नळी! आणि त्याचाही बाण प्रत्यंचेवर!

एवढा जन्म डोंगरात गेला माझा, आणि मी माणसाशी आरवत होतो!

"च्यायला," तो म्हणाला, "एल्क तुम्ही होय?"

"मी कसला? एल्क तर तुम्ही!"

"अहो, मी सोमवारीच निघणार होतो! इथं चिटपाखरू नाही. पण हा मेला रोज उत्तर देतोय म्हणून बसून राहिलो!"

"कोण मेला?"

"तुम्ही!"

रॉइस नाव. खालच्या अंगाला लाकडाच्या गिरणीत होता, आता घरीच. पोरं म्हणाली होती, येतो बाबा तुमच्याबरोबर, आली नाहीत. हे त्यानं असं सांगितलं, जसं कुणी हवापाणी सांगतं.

आता आमची रीत अशी, की जो आधी आला त्याची जागा, दुसऱ्यानं टोपीला हात लावायचा आणि निघायचं. पण आधी कोण आलं? तो म्हणे, "तुम्ही." मी म्हणे, "छे छे, तुम्ही." "तुम्ही राहा हो." "नाही, नाही, तुमच्याच जागेत मी राजरोस घुसलो." असं करत करत दोघांनीही खोरं सोडलं! जाणार कुठं? मी म्हटलं, घरी, गुडघे दुखतात. तो म्हणाला, मी आपला उत्तरेला, वरच्या धारेकडं. हात मिळवले आणि निघालो.

आणि खाली उतरताना आठवलं. "बसा, कॉफी घ्या," एवढंसुद्धा म्हणालो नाही मी. दुसरा कप पिशवीत होता हो! पिशवीत होता!

या खेपेला खुंट्या भराभर निघाल्या. शब्द दिला होता ना. डेल्मरला म्हटलं, "चल, आता तुझं चालायचं नाही," आणि घरी? कसला घरी! थेट विलो क्रीक. जन्मभर जिथं जायचं होतं तिथं. पहाटे झाडाला टेकलो, नळी लावली, आरवलो.

पलीकडून उत्तर. चढला, किंचाळला, आणि शेवटी करकरला.

जागा बदलली, एल्क तोच!

मी ओरडलो, "रॉइस!"

मग झाडीतून आवाज आला, "इथं कोणी नाही!"

दुसरा कप काढला मी.

दुपारी दोघं मिळून पाव आणायला गेलो, तर आर्डिथ गल्ल्यावर चढायचीच बाकी. "वर्लिन! ऐकलंस का? शाळेतली ती नवी मास्तरीण, पहिल्यांदाच धनुष्य घेऊन गेली, आणि तुझ्या त्या मेलेल्या खोऱ्यात, तुझ्या तंबूच्या जागेवर, अरे, आज सकाळी एवढा मोठा नर आपण होऊन चालत आला!" रॉइसनं माझ्याकडं बघितलं. मी पावाकडं बघितलं. अजून एक सकाळ... एकच सकाळ, डेल्मर!

परत विलो क्रीकला आलो. तिथं ना ठसा, ना झाडाला शिंगानं घासलेली साल, ना काही. लेंड्या वाळलेल्या. रॉइस कढई घासता घासता धुसफुसतोय, "इथं काही राम नाही, वर्लिन. चल, उद्या उत्तरेला जाऊ. काय करायचं ते ठरव बाबा, थांबायचं की निघायचं?"

आणि मी, जन्माचा निघणारा माणूस, तुम्हाला सांगतो, टोपी मागं सारली, नाक खाजवलं आणि म्हणालो, "अजून एक सकाळ बघू."

त्यानं कढई आपटली. किती दिवसांनी कुणी आपटली हो!