घंटागाडीतला भुसा

लेक परीक्षेला पुण्याला गेली आणि तिचा हॅमस्टर, म्हणजे मुठीएवढा उंदीरच म्हणा, माझ्याकडे राहिला. मी हौसेनं पिंजरा घासूनपुसून नवा भुसा घातला, तर तो पिसाटल्यासारखा गज चावायला लागला. दात तुटतील म्हणून घाबरून मी फोन लावला.

"आई, जुना भुसा सगळा टाकलास? त्याला स्वतःचा वास लागतो गं. मूठभर तरी परत घाल!"

भुशाची पिशवी घंटागाडीत गेलेली. अख्ख्या महाडच्या बाजारपेठेतून धावत मी गाडी गाठली.

"काय ओ ताई, सोनंबिनं गेलं काय?" गाडीवाल्यानं विचारलं.

"नाय रे बाबा, आमची घाण परत पायजे!"

घरी पिंजऱ्यात मूठभर जुना भुसा पडताच हॅमस्टर त्यात शिरून झोपला. मी मात्र संध्याकाळपर्यंत पिंजऱ्यासमोरून हलले नाही.