रस्सा आटेपर्यंत

"हॅलो? …हां, बोल रूपाली."

फोन घनसावंगीहून सुनेचा होता. वडीगोद्रीतल्या आपल्या घराच्या ओट्यावर बेबीनंदा मेथी निवडत बसली होती. फोन कान आणि खांद्यात दाबून तिनं निवडणं चालूच ठेवलं. आठ वर्षांची नात सम्यका अंगणात विटकरीच्या तुकड्यानं रेघा मारत होती.

"हो, हो… खाल्लं तिनं. तुझ्याजवळ खाती त्याच्यापेक्षा जास्त खाती इथं… काय झालं? …रस्सा? पातळ म्हंजे किती पातळ? …बोट्या तळाला दिसून राह्यल्या? अगं मंग पाणी किती ओतलंस?"

रूपालीची आई लहानपणीच वारली होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. सगळं बेबीनंदानंच शिकवलं. पुढं बेबीनंदाचा लेक, रूपालीचा नवरा सूरज कावीळ होऊन गेला. रूपाली घनसावंगीला शाळेत शिकवू लागली, लेकीला घेऊन तिथंच खोली करून राहिली. तरी मीठ जास्त झालं, पीठ सैल झालं की फोन सासूलाच. तेव्हा या फोनचं बेबीनंदाला काही नवल नव्हतं. पण मटण, आणि तेही शाळेच्या दिवशी?

"आज शाळा न्हाई का तुला? …सुट्टी टाकली. कशापायी? …अगं ऐक ना, सांगते ते, आधी हे सांग, मटण किती आणलं? …दोन किलो? एकटीला? …शाळंतले सर अन् मॅडम आलेत जेवायला. बरं… त्यांनीबी सुट्टीच टाकली म्हण की सगळ्यांनी."

पलीकडून उत्तर आलं ते भलत्याच गोष्टीचं. बेबीनंदानं मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"बरं, बोट्या आधी दुसऱ्या भांड्यात काढ, न्हाईतर शिजून शिजून चोथा व्हईल त्यांचा. …काढल्या? आता रस्सा मोठ्या आचेवर ठेव, झाकण न ठेवता. …येसर हाय का? अगं, मी दिल्तं ते, धान्य भाजून केलेलं मसाल्याचं पीठ… हां, तेच. वाटीभर पाण्यात कालव, गुठळी राहू देऊ नको. उकळी आली की वरून धार धर अन् ढवळत राह्य. आन हळू का बोलून राह्यलीस एवढी?"

"…काय? पुन्हा बोल. बिनदाताच्या माणसाला काय वाढू? …मऊ बोट्या वेगळ्या काढ, भाकरी रश्शात कुस्करून दे… रूपाली, तुमच्या शाळंत बिनदाताचं कोण शिकवतं?"

पलीकडं रूपाली रस्सा ढवळू लागली, पळी भांड्याला लागल्याचा आवाज आला.

"एका सरांची आई. कोणत्या सरांची? …तुमच्या शाळंतले न्हाई ते. मंग कुठले? …अंबडचे. बरं. आन तुझा भाऊ कुठं हाय, संघपाल? …तिथंच बसलाय."

परवा हाच संघपाल सम्यकाला मोटारसायकलवर आणून सोडून गेला होता. म्हणाला, आजीची फार आठवण काढते. पोरगी मात्र म्हणाली, मामा म्हणला चल. भर शाळेच्या दिवसात हे कसं, असं तेव्हाच बेबीनंदाला खटकलं होतं. पण ती बोलली नव्हती.

"रूपाली, पाहुणे तुला बघायला आलेत का? …रडू नको. लग्न कर म्हणून मीच तुझ्या मागं लागल्ते ना? मंग मला कशाचं वाईट वाटंल? …न सांगता करून राह्यलीस, त्याचं वाटलं थोडं. ते राहू दे. मला दुसरंच सांग. पोरीला इकडं का धाडलं?"

तिनं उठून घरात जाऊन दार ओढून घेतलं. पोरीच्या कानावर हे जायला नको होतं.

"…संघपाल म्हणला, पह्यल्या भेटीत नको. म्हंजे त्यांना म्हाईतच न्हाई? लेकरू हाय एवढंबी न्हाई? …मागाहून सांगणार. मागाहून कधी, हळदीला? …न्हाई, चिडले न्हाई मी. हो, हो, ऐकलं, चांगलं स्थळ हाय, नोकरी हाय. पण उद्या कळल्यावर ते म्हणले, पोर आजीकडंच ठेवा, तर? …मला जड न्हाई गं ती. तुला चालंल का? …तेच म्हणून राह्यले मी."

"ऐक आता. गॅस बारीक कर. रस्सा आटेपर्यंत बाहेर जा अन् सांगून ये. संघपालला विचारत बसू नको. …फोन बंद करू नको. तिथंच ठेव."

पलीकडं गॅसजवळच्या फरशीवर फोन ठेवल्याचा खट आवाज झाला. मग रश्शाची रटरट. बेबीनंदा कान लावून उभी राहिली. ही बाहेर गेलीच नसेल, दाराआडच उभी असेल, असं तिला सारखं वाटत राहिलं. मग संघपालचा चढलेला आवाज आला. तो मध्येच तुटला. पुढं काहीच ऐकू येईना. पाहुणे उठून गेले, असं समजून ती तिथंच जमिनीवर बसली. तेवढ्यात जवळच कुणीतरी पळी वाजवली अन् खाकरलं.

"हॅलो? रूपाली? …कोण? …जय भीम, जय भीम. हो, सूरजची आई मी. तिची सासू. …सांगितलं तिनं? …आठ वर्षांची. तिसरीत हाय."

सरांच्या त्या बिनदाताच्या आईचा, म्हातारीचा आवाज गोड होता. बेबीनंदाला तोच गोडवा खुपला.

"तुम्हाला राग न्हाई आला? …न्हाई, लपवलंच की आमच्या लोकांनी. …काय म्हणल्या? …तुमच्या पोरालाबी लेक हाय? …पाच वर्षांची. आईमाघारी तुम्हीच वाढवली. …आन आज कुठं हाय ती? …शेजारणीकडं ठेवून आल्या."

हसावं की भांडावं ते बेबीनंदाला कळेना.

"म्हंजे तुम्हीबी लपवलं. …हो, हो, पटलं, भीती तुम्हालाबी होती. पण मावशी, सरळ विचारते, मनात धरू नका. आणखी काय लपवलंय? पोरगा पितो का? …न्हाई. शपथ नका घेऊ, सगळेच घेतात. …बरं, मी येते. सम्यकाला घेऊन, मिळंल त्या जीपनं. मला तुमचा पोरगा डोळ्यानं बघायचाय. …जेवून घ्या तुम्ही, आम्ही मागून जेवू. …थांबता? बरं, थांबा. आन तुमच्या नातीलाबी आणवून घ्या अंबडहून. संघपालला धाडा, गाडी हाय त्याच्याकडं. …आजच, हो. त्या दोघी पोरींना आधी एकमेकींना बघू द्या, मंग आपण बोलू. …हां. ठेवते."