आईची पावडर आणि तिसरा मजला

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या व्यायामशाळेचे सर्व पदाधिकारी, व्यासपीठावर आवर्जून आलेले डॉक्टरसाहेब, जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती आपली कोच, आणि समोर बसलेल्या, साठी ओलांडूनही वजनं उचलणाऱ्या सर्व मावश्या, काकू आणि काका,

मला भाषणाची सवय नाही. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्ट सुरळीत चालू असली, तरी मला ती अडकलेलीच दिसते. त्याचाच पगार मिळतो म्हणा. पण आईने सकाळीच बजावलं, "आज तूच बोलायचंस, आणि सविस्तर बोलायचंस." तेव्हा आपली थोडी हक्काची मिनिटं घेतो.

कोच मोठ्या रुग्णालयात नोकरीला चालली आहे. आनंदाची गोष्ट आहे. मला आनंद झाला आहे, हे कृपया माझ्या चेहऱ्यावरून ठरवू नका.

दोन वर्षांपूर्वी आई तिच्या स्वयंपाकघरात पडली. हाड मोडलं नाही, साधं खरचटलंही नाही. फक्त तिला उठता येईना. दुपारपासून संध्याकाळी मी जाईपर्यंत ती फरशीवर पडून होती. मी दार उघडलं तर म्हणते, "चप्पल बाहेर काढ, आत्ताच पुसलंय." मी तिला त्याच दिवशी माझ्या घरी आणलं. माझं घर तळमजल्यावर. तिचं तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याची आई बिनलिफ्टच्या घरात राहते, यावर माझे सोबती अजून दात काढतात.

इथल्या पहिल्या दिवशी कोचने तिला विचारलं, "आजी, काय जमायला हवंय?" इतर लोक गुडघे सांगतात, कंबर सांगतात. आई म्हणाली, "जमिनीवरून उठायला." तुम्हाला इथली रीत माहीत आहेच. तास संपला की सगळ्यांनी जमिनीवर आडवं व्हायचं आणि आपलं आपण उठायचं. कितीही वेळ लागो, उठवायला कुणी जायचं नाही. नातेवाइकांनी दाराबाहेर थांबायचं. व्यायाम आई करायची, काचेतून बघून घामाघूम मी व्हायचो.

आणि मग घरात तो डबा आला. क्रिएटिन. पिळदार दंडाच्या माणसाचं चित्र असलेला डबा, आणि त्याच्याशेजारी माझ्या आईचा चष्मा. मी कोचकडे धावलो. ती शांतपणे म्हणाली, "दादा, हा पदार्थ शरीर स्वतःही बनवतं, मांसमच्छीतूनही मिळतो. वर एक छोटा चमचा रोज पाण्यातून. जादू नाही ती. व्यायाम केला तर स्नायूंना थोडा जोर मिळतो, नाही केला तर डबा नुसता शोभेला. आणि डॉक्टरांना विचारूनच सुरू केलंय." आई रोज ते गढूळ पाणी ढवळायची, पेल्याच्या तळाशी रवाळ राहायचं तेही पाणी घालून प्यायची. मी समोर बसून ती कुठे सुजते का, ते बघायचो.

झालं, आठवड्याभरात वजन वाढलं. मी म्हटलं, सूज. कोच म्हणाली, स्नायूंत पाणी धरलं जातं, सुरुवातीला होतं असं. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यात मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन जास्त. मी ते नाव वाचलं आणि रिपोर्ट घेऊन थेट इथे आलो. माझे काका डायलिसिसवर गेले होते, मला तो शब्द माहीत होता. कोचने एका शब्दाने वाद घातला नाही. पावडर त्याच दिवशी बंद केली, आम्हाला या डॉक्टरसाहेबांकडे धाडलं. साहेब म्हणाले, ही पावडर घेणाऱ्याचा आकडा मूत्रपिंड ठणठणीत असूनही वाढलेला दिसू शकतो, पण आपण अंदाजावर राहायचं नाही. काही आठवडे थांबा, पुन्हा तपासू, सोबत दुसरी एक तपासणीही करू. ते आठवडे मी कसे काढले, ते माझ्या बायकोला विचारा. आई तेव्हाही इथे येऊन वजनं उचलत होती. "तू लिफ्टा दुरुस्त कर, मी पाय दुरुस्त करते," म्हणायची.

दोन्ही रिपोर्ट चांगले आले. डबा पुन्हा ओट्यावर आला. आणि गेल्या महिन्यात ती जमिनीवरून उठली, कशालाही न धरता. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. त्याच दिवशी जेवताना ती म्हणाली, "आता मी घरी जाते." म्हटलं, "घरी म्हणजे?" तर म्हणाली, "माझ्या."

"पडलीस तर?"

"पडेन. मग उठेन."

"आणि नाही उठता आलं तर?"

त्यावर तिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तिलाही ठाऊक नाही, हे मला तेव्हा कळलं. रविवारी सोडायला जायचं ठरलंय. जिन्यात प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवतो म्हटलं, तर बाईसाहेबांनी दोन दिवस अबोला धरला.

म्हणून कोच, माझी एक विनंती आहे. जाण्याआधी तिला एवढंच सांग, की अजून सहा महिने मुलाकडे राहा. तुझं ती ऐकते. इथेच, सगळ्यांसमोर सांग. आई, तूही जरा...

आई कुठाय?

काय म्हणालात काकू? मघाशीच गेल्या? पिशवी घेऊन?

कोच, तू खाली का बघतेस? म्हणजे तुला माहीत होतं. आणि मला सविस्तर बोलायला सांगितलं ते यासाठी.

तिचं घर मागच्याच गल्लीत आहे. चालत जाऊन एव्हाना ती जिन्यात असेल. पहिला मजला झाला असेल. दुसऱ्याच्या वळणावर दिवा नाही, ती भिंतीला हात लावून थांबली असेल. किंवा थांबली नसेल. मला काही माहीत नाही. मला भीती वाटते आहे, हे मी माइकवर सांगतो.

मी आत्ता पळालो, तर तिला वर पोचायच्या आत गाठू शकतो. अध्यक्ष, तुम्ही उठू नका, मी जात नाही. कोच, तुला द्यायला मी काही आणलं नव्हतं. हे घे, तुझीच रीत, उठवायला कुणी जायचं नाही. मी जात नाही.

आयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण निमूट ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. मनातली गोष्ट चारचौघांत बोलून बसलो, क्रम चुकला, कुणाचा मान राहून गेला असेल, तर घाबरलेला माणूस म्हणून सोडून द्या. आणि माझी खुर्ची तेवढी दाराकडे पाठ करून ठेवा.