राजकन्येचं पुढे काय झालं

बहात्तरच्या सुमारास मी कोपरगावात नवा प्राध्यापक होतो, एकटाच. रविवारी घरमालक अण्णा जेवायला बोलवायचे. आठवड्यात घरगुती बोलणं काय ते तेवढंच.

टॉकीजला झोपलेल्या राजकन्येचा इंग्रजी सिनेमा लागला. मी विद्वान! म्हटलं, "परीकथा आहे, वहिनींनाही घ्या."

तिघं गेलो. राजकन्या जागी झाली आणि राजपुत्र पलंगाखाली विजार शोधू लागला. अण्णा उठलेच. "सर, लई शिकलाय तुमी!" वहिनींना घेऊन ते निघून गेले.

त्या रविवारी कपडे करून बसलो. हाक आली नाही. नंतरही नाहीच.

महिन्याने नळावर वहिनी हळूच म्हणाल्या, "सर, त्या राजकन्येचं फुडं काय झालं हो?"

मी शेवटपर्यंत बसलो होतो. पण घाबरून म्हणालो, "मीही तेव्हाच उठलो."

"असं व्हय," म्हणाल्या, आणि हंडा उचलून गेल्या.