शनी बघायला गेलेले बाबा

(दिल्लीत द्वारकेतला फ्लॅट, रविवारची सकाळ. कादंबरी वॉशिंग मशीन लावतेय. बाबा पेपर वाचतायत.)

कादंबरी : आणि ही अंगठी? खिसे तपासले म्हणून सापडली.

बाबा : ठेव तिथे. मी उचलतो.

कादंबरी : निळा खडा. अच्छा, म्हणजे काल रात्री मी दुर्बिणीच्या रांगेत उभी होते, तेव्हा तुम्ही त्या खडेवाल्याकडून ही घेतलीत.

बाबा : मागेच लागला गं तो. 'अंकलजी, बेटी के लिए ले लीजिए' म्हणाला.

कादंबरी : हातात धरवत नाहीये मला. बाबा, तीन महिने मी इथल्या गच्चीवर, ह्या धुरकट हवेत, बायनॉक्युलर घेऊन एकेक तारा ओळखायला शिकले. म्हटलं, पानिपतकडे जरा अंधार मिळेल, मोठी दुर्बीण मिळेल, तुम्हालाही नेऊ. तर तिथे फार्महाउसवर डीजे आणि टेबलावर खड्यांचं दुकान. आधी शनी दाखवायचा, मग त्याचीच भीती विकायची. किळसवाणं होतं सगळं.

बाबा : बिल्कुल चूक आहे, मान्य. पण त्याचा धंदा आहे तो.

कादंबरी : त्याला मी आज विसरलेही असते. ही तुमच्या खिशातून निघालीय.

बाबा : पस्तिशीला आलीस तू. मला काळजी वाटणार नाही का?

कादंबरी : सहा वर्षांपूर्वीही काळजीच होती. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून तुम्हीच अनुरागच्या घरी फोन केलात. मुलाच्या पत्रिकेत सप्तमात शनी आहे, लग्नाचं पुढे नको म्हणालात. त्याची आई फोनवर रडली, हेही तुम्हीच सांगितलंत. मी शेजारच्या खोलीत गप्प बसून राहिले. माझीच शिसारी येते मला.

बाबा : आता ते कशाला उकरून काढतेस?

कादंबरी : कारण काल मी शनी पाहिला. मुगाच्या डाळीएवढा, पिवळट. यंदा त्याचं कडं आडवं दिसतं, त्यामुळे सुई आरपार खोवल्यासारखा. थरथरत होता. माझ्या आधी बघितलेल्या बाई म्हणत होत्या, कित्ती गोड. मी बाजूला झाले. ह्याचं नाव पुढे करून आपण एका भल्या मुलाला दारातून परत पाठवलं.

बाबा : पत्रिका मी एकट्याने नव्हती पाहिली. तुझी आईसुद्धा...

कादंबरी : आईला मध्ये आणू नका. ती गेली आता. तुमचं बोला. माझ्यानंतर तुमचाच नंबर होता. डोळा लावलात, 'छान आहे' म्हणालात. एवढासा ठिपका बघितल्यावरही ही खिशात ठेवावीशी वाटली?

बाबा : आधीच घेतली होती.

कादंबरी : मग परत करायची. टेबल दहा पावलांवर होतं.

बाबा : कादंबरी, मी काही बघितलं नाही.

कादंबरी : म्हणजे? मी तुमच्या शेजारी उभी होते.

बाबा : दुर्बिणीला डोळा लावला. पण मिटून घेतला होता.